नथूभाऊ, तुझी ती गव्हाची बिअर

नथूभाऊ,

तेरावं झालं. अजून माणसं येतात, ओट्यावर बसतात, पाणी पितात आणि तू किती भला होतास ते मला सांगतात. बैलाला कधी पराणी टोचली नाही, कुणाच्या बांधाला नांगर लावला नाही, पहिल्या लढाईत फ्रान्स पाहून आला तरी तोरा मिरवला नाही. मी मान हलवते. पण इतक्या माणसांत एकानेही तुझ्या बिअरचं नाव काढलं नाही. ब्राह्मणपुरीत असा कोण आहे ज्याला तू ती गोष्ट ऐकवली नव्हतीस? पण माझा मधू गेल्यापासून या घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही, हे गावाला माहीत आहे. म्हणून आता मीच उच्चारते.

आपण बहीणभाऊ घरात अहिराणीतच बोललो आणि भांडलो. हे मात्र शाळेच्या मराठीत लिहिते आहे. लिहायला मला तीच येते, आणि ती मी शिकले तुझ्या हट्टामुळे. "मास्तरीण बोलनी," असं म्हणून तू हसला असतास.

तू बापाशी भांडून धुळ्याला गेलास आणि सरकारने तुला खेचरांच्या पलटणीत घालून बोटीवर चढवलं, तेव्हा मी परकरात होते. परत आलास तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं. लढाई कधीच संपली होती, तरी तुम्हाला लवकर सोडलं नव्हतं. बेल्जममधल्या एका खेड्यात ठेवलं होतं, मोडलेल्या रस्त्यांवरचा राडा उपसायला. तू बेल्जमच म्हणायचास. तिथे एका विधवा बाईच्या गोठ्यात तुमची खेचरं बांधलेली असत. ती बाई घरीच गव्हाची बिअर काढायची. संध्याकाळी तुला आणि तुझ्याबरोबरच्या एका पंजाबी गड्याला स्वयंपाकघरात बोलावून एकेक पेला हातात द्यायची.

ती बिअर कशी होती, हे मला इतकं पाठ आहे की मी ती प्यायले नाही यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. रंगाने पांढुरकी, पातळ ताकासारखी गढूळ. वर बोटभर फेस. नाकाजवळ नेली की आधी संत्र्याच्या सालीचा वास, मग धण्याचा. "आपलाच धना," तू म्हणायचास, "वरणमा टाकतस तो!" आणि ती गटागटा प्यायची नाही. आधी वरची निवळ अर्धी प्यायची, मग भांडं हलवून तळचा गाळ उठवायचा आणि उरलेली त्या गाळासकट. तो गाळ टाकणारा माणूस तुझ्या लेखी अडाणी.

गव्हाच्या बिअरच्या आणखी दोन जातींची माहिती तुला एका जर्मन कैद्याने दिली होती. तो तुमच्याच रस्त्यावर घमेली उचलत होता आणि आपल्या मुलुखात बिअर गाळायचा धंदा करत होता. बव्हेरियाकडची गव्हाची बिअर जरा दाट, तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. बर्लिनची आंबट, तिच्यात फळांचा लाल पाक घालून पितात. या दोन तू स्वतः कधी चाखल्या नाहीस, पण सल्ला तिन्हींचा द्यायचास. शहाद्याच्या डॉक्टरांचा पुतण्या शिकायला जर्मनीला निघाला तेव्हा तू मुद्दाम गाडी जुंपून त्याला सांगायला गेलास. पहिली बेल्जमची पांढरी, मग बव्हेरियाची, आंबट सगळ्यांत शेवटी, नाहीतर जीभ बिघडते. तो पोरगा तोंडाकडे बघत राहिला. डॉक्टरांनी चहा पाजून तुला वाटेला लावलं. तू घरी आलास तो खूश. "ध्यानमा ऱ्हाई त्याना," म्हणालास.

मला हे आवडत नव्हतं. मी शाळेत मुलींना दारूच्या दुष्परिणामांवर निबंध लिहायला सांगणारी, आणि घरात तू हा असा. मोहाची दारू पिऊन भिंतीशी पडलेली माणसं मी रोज बघत होते. तुला मोहाची चालत नसे, ताडीलाही तू नाक मुरडायचास. पण मला फरक कळत नव्हता, आणि कळून घ्यायचाही नव्हता.

"दारू ती दारू," मी म्हणायचे.

"हाई दारू नही शे, यमू. पातळ भाकर शे."

या एका वाक्यावर आपण किती संध्याकाळी घालवल्या! निकाल लागला नाही तो नाहीच.

पण ज्या बाईच्या बिअरवर मी नाक मुरडत होते, तिच्याच जोरावर मी शिकले, हेही खरं. मधू मांडीवर असताना मी कुंकू पुसून माहेरी आले. सगळ्यांनी मला चुलीपाशी एक कोपरा नेमून दिला. तू मला धुळ्याला मास्तरणीच्या शिक्षणाला पाठवायचं काढलंस तेव्हा भाऊबंद ओट्यावर जमले. विधवा बाई एकटी परगावी राहणार, लोक काय म्हणतील? तू उभा राहिलास आणि म्हणालास, "बेल्जममा ती रांडकी बाई गाडा हाके, वावर पाहे, बिअर काढे. तिनं काय बिघडनं? मन्ही बहीण पोरीसले शिकाडी, तिनं काय बिघडी?" त्यांनी तुला फ्रान्सवाला म्हणून हिणवलं, पण अडवलं नाही. मी धुळ्याला असताना मधूला तू सांभाळलंस. तू लग्न केलं नाहीस, आणि का केलं नाहीस हे मी कधी विचारलं नाही. मधू तुला मामा म्हणायचा, पण बापाला जे मागायचं ते त्याने तुझ्याजवळच मागितलं.

त्याने मिसरूड फुटल्यावर मागितली ती बिअर. "मामा, एकदा करीसन दखाड ना." मी कुरडयांसाठी निवडून ठेवलेला गहू तुम्ही दोघांनी पळवला. ओल्या पोत्यात मोड आणले, माळवदावर वाळवले, तव्यावर भाजले. मी रागाने बघत होते आणि शेवटी जात्यावर बसले ती मीच, कारण तुम्ही दोघं ते पार पीठ करून टाकत होतात. नंदुरबारच्या बाजारातून तू संत्री आणलीस. विरजणाला ताडीच्या तळाशी बसलेला साका. रांजणाचं तोंड बांधून तो तुम्ही गोठ्यात ठेवलात. दोन-तीन दिवसांनी भर दुपारी असा आवाज झाला की म्हैस दावं तोडून पळाली. रांजण फुटला होता. गोठाभर आंबट वास सुटला आणि तुम्ही दोघं गुडघ्यावर बसून खापरीत उरलेलं गोळा करत होतात. मी हसले, भाऊ. नवरा गेल्यावर मी पोटभर हसले ती त्या दुपारी.

मधूने खापरीला तोंड लावलं. "बेस लागस, मामा."

तू एक घोट घेतलास आणि खापरी खाली ठेवलीस. "तशी नही व्हयनी," म्हणालास. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून, "खरी पिशी तव्हय समजी तुले."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. नंतर मात्र ते मला सोडेना.

दुसरी लढाई लागली. मधू सातवीची फायनल पास होता, माझ्यासारखा मास्तर झाला असता. पण भरतीवाले नंदुरबारला आले आणि हा नाव देऊन आला. कशात? खेचरांच्या पलटणीत. घरी येऊन जेवताना त्याने ते सांगितलं, आणि तुझ्याकडे बघून सांगितलं. मी पीठ मळायचं टाकून उठले. मी तुला मागच्या दारी नेऊन म्हणाले, "भाऊ, तू सांग त्याले. तुन्हं आयकस तो." तू मान हलवलीस. पण तू त्याला काय सांगितलंस ते मी ऐकलं नाही. तो जायचा थांबला नाही, एवढंच मला दिसलं.

मी ऐकलं ते नंदुरबारच्या फलाटावर. गाडी सुटायला आली होती. मी मधूचा हात खिडकीतून धरून उभी होते आणि मला एकच गोष्ट सांगायची होती, ती काही केल्या तोंडातून निघेना. तेवढ्यात तू माझ्या खांद्यावरून वाकलास आणि त्याला म्हणालास, "गावनं नाव ध्यानमा शे ना? चर्चना मांगे, विहिरीजोडे घर. पहिले वरनी अर्धी पे. मंग हालाव." तो हसला, "शे ना मामा, सगळं ध्यानमा शे." गाडी सुटली.

माझ्या मुलाने या जगातल्या आपल्या माणसांकडून ऐकलेलं शेवटचं वाक्य बिअर कशी प्यावी हे होतं.

मधू इटलीत लढाईत गेल्याची तार आली तेव्हा मी शाळेत होते. इटली नावाचा देश मी मुलींना नकाशावर पायातल्या बुटाचा आकार म्हणून दाखवत असे. घरी आले तर तू आधीच ओट्यावर बसला होतास, डोक्याचं पागोटं मांडीवर. पोस्टमनने वाटेत तुला सांगितलं होतं. मी तुझ्याजवळ आले आणि जे बोलले ते इथे परत लिहीत नाही. तू ऐकलंस आणि मी ऐकलं, तेवढं पुरे. त्या दिवसापासून तू बिअरचं नाव घेतलं नाहीस. ओट्यावर कोणी आठवण काढली तर उठून जायचास. आपण एका चुलीवरचं खात होतो. मी तुझं ताट वाढत होते, तू माझ्या शाळेच्या वाटेवरचा काटा काढून ठेवत होतास. बोलणं मात्र मीठ-पाण्यापुरतं.

मग लढाई संपली आणि उन्हाळ्यात तो आला, दानियल. विसरवाडीकडच्या डोंगरातला, ख्रिस्ती, उजव्या हाताची बाही कोपराखाली दुमडून पिनेने टाचलेली. अंगणात उभा राहून मिशनच्या शाळेतल्या मराठीत त्याने विचारलं, "नथूमामांचं घर हेच का?" मधूच्याच पलटणीतला. मधूने त्याला आपल्या घराचा रस्ता सांगून ठेवला होता.

आपण दोघं त्याच्यासमोर बसलो. मधू कसा गेला ते त्याने सांगितलं. डोंगरातल्या पायवाटेने वरच्या शिपायांना शिधा पोचवत होते, खेचरांची रांग होती, तोफेचा गोळा आला. दानियल चार खेचरं मागे होता, म्हणून हातावर निभावलं. मी विचारलं, तो काही बोलला का? दानियल म्हणाला, "नाही, आई. वेळच नव्हता." खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्याने सांगितलं नाही, म्हणून मी त्याला मानते.

मग तो एकदम म्हणाला, "मामा, तुमची बिअर आमच्या अख्ख्या पलटणीला पाठ होती."

मी तुझ्याकडे बघितलं नाही.

इटलीत जिथे जाईल तिथे मधू गव्हाची पांढरी बिअर मागायचा, दानियल सांगत होता. तिथे सगळी द्राक्षाची दारू. एका खेड्यात त्याने एका म्हातारीला हाताने ओंब्या करून दाखवल्या, दळायची खूण केली, ढवळायची खूण केली. म्हातारी आत गेली आणि वाडगाभर गव्हाची पेज घेऊन आली. मधूने ती संपवली आणि तिच्या पाया पडला. त्यानंतर कितीतरी दिवस पलटण हसत होती. कोणाला रजा मिळो, कोणाची बदली होवो, मधू त्याला बजावायचा: पहिली बेल्जमची, मग बव्हेरियाची, आंबट शेवटी. "मी पीत नाही, मामा," दानियल म्हणाला, "आमच्या घरात चालत नाही. तरी मला क्रम पाठ आहे."

तू उठलास आणि वावराकडे चालू लागलास. उन्हाचा, अनवाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझी न्याहारी घेऊन वावरात आले. भाकर सोडलीस, खाल्ली नाहीस. निंबाखाली बसून तू मला बेल्जमच्या घरातली ती गोष्ट सांगितलीस, जी इतक्या वर्षांत सांगितली नव्हतीस. त्या बाईचे दोन मुलगे होते. दोघेही लढाईत गेले. भिंतीवर खिळ्याला त्यांचे पेले टांगलेले असत. रोज संध्याकाळी ती ते काढायची, भरायची आणि तुम्हा दोघांच्या हातात द्यायची. तुम्हाला माहीत नव्हतं. हिवाळा सरता सरता शेजारच्या म्हाताऱ्याने खुणांनी सांगितलं.

"मरेल पोरेसना पेला व्हतात त्या," तू म्हणालास.

मी विचारलं, मग जन्मभर ही गोष्ट हसत का सांगत आलास?

"रडीसन सांगं असतं ते कोणी आयकं नसतं, यमू."

थोड्या वेळाने तू आपणहून फलाटाचं काढलंस. "जाऊ नको म्हणीसन त्याले सांगं व्हतं मी. याच वावरमा सांगं. त्यानी आयकं नही. मंग माले वाटनं, त्याले पुढे एखादं ठिकाण पाहिजे. जित्ता ऱ्हाईसन पोचनं पडी असं."

हे खरं वाटलं की नाही, ते मला सांगता येत नव्हतं. मी दुसरंच विचारलं, त्या बाईने तुला कधी दोष दिला नाही?

"मी कोठे तिना पोरेसले मारं?" तू पटकन म्हणालास.

आणि मग माझ्याकडे पाहिलंस.

भाऊ, तिथे मला एक वाक्य बोलायचं होतं. तू त्याची वाट बघत होतास हे मला दिसत होतं. निंबाच्या सावलीत आपण दोघंच होतो आणि अडवणारं कोणी नव्हतं. पण ते वाक्य खरं आहे की नाही हे मला ठरवता आलं नाही. आणि तुझ्याशी खोटं मी कधी बोलले नव्हते. मी भाकरीचं फडकं बांधलं आणि घरी आले.

यंदाच्या थंडीत तुला खोकला धरला. शहाद्याच्या डॉक्टरांनी छातीवर नळी ठेवली आणि मला बाजूला नेऊन सांगितलं. मी शाळेतून रजा घेतली. तुझं अंग पुसलं, पेज भरवली, तुझी थुंकी राखेत पुरली. एका दुपारी तू डोळे उघडून म्हणालास, "यमू, बोल ना काहीतरी." मी म्हणाले, औषध घे. तू घेतलंस. त्यानंतर तू शुद्धीवर आलास, पण बोलण्याइतका नाही. सकाळी गेलास.

तापीवरच्या प्रकाशा तीर्थाला न्यायचं तू आधीच सांगून ठेवलं होतंस. गाडीत तुला घातलं आणि निघालो. तापीच्या घाटावर लाकडं रचून झाली, आणि मग सगळे उभे राहिले. अग्नी कोण देणार? तुला मूल नाही. ज्याने द्यायचा तो इटलीतल्या कुठल्या डोंगरात पुरलेला आहे, की जाळलेला, तेही मला माहीत नाही. चुलतभावाच्या मुलाला निरोप गेला होता, पण तो खरगोनकडे सासऱ्याच्या गावी. भटजी म्हणाले थांबू. ऊन चढलं. बायका परत गेल्या, मी गेले नाही. मी तुझ्या पायांशी बसून राहिले.

तेवढ्यात दानियल आला. तुझं दुखणं वाढल्याचं कोणाकडून कळलं होतं, रात्रीच विसरवाडीहून निघालेला, मिळेल त्या गाडीने, बाकी पायी. त्याने डोक्याचं मुंडासं काढलं आणि लांब उभा राहिला. मी त्याला हाक मारली. सगळ्यांसमोर म्हणाले, "हा माझ्या मधूच्या जवळ होता. हा अग्नी देईल."

भटजी म्हणाले, "बाई, तो आपल्यातला नाही. ख्रिस्ती आहे. आणि उजवा हातही नाही."

"मग मी देते."

"बाईमाणसाने?"

दानियल पुढे आला. हळूच म्हणाला, "आई, माझं चालेल का? तुमच्या देवाला?" मी म्हणाले, देवाचं मला माहीत नाही, माझ्या भावाला चालेल. भटजींनी पाठ फिरवली आणि पाण्याकडे बघत मंत्र म्हणू लागले. थांबले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

चूड जड होती आणि त्याच्या डाव्या हाताला सवय नव्हती. मी खालून धरली. आम्ही दोघांनी ती धरून तुला फेरा घातला. लाकडं ओली होती, लवकर पेटेनात. पुन्हा लावली, पुन्हा. मग पेटली.

आम्ही तिथेच उभे राहिलो. तुझ्या छातीजवळचं लाकूड ढासळलं तेव्हा दानियल रडायला लागला. इतका मोठा माणूस, लहान मुलासारखा हुंदके देत. मी त्याला जवळ घेतलं. त्याच्या रिकाम्या बाहीची पीन माझ्या मनगटात रुतली, तरी मी सोडलं नाही.

गावात आता बोलणं चालू आहे. बाईने अग्नी दिला, परजातीच्या हाताने दिला. शाळेच्या कमिटीवरचे एक गृहस्थ येऊन गेले, नोकरीचं काहीतरी बोलत होते. होईल ते होवो. पण आज त्या बोलणाऱ्यांतल्याच एका बाईने मला चुलीपाशी गाठून विचारलं, "मास्तरीणबाई, भाऊले माफ करं ना तुम्हीन?"

तुला माफ केलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, भाऊ. आणि आता तू नसताना ठरवून काय करू? मी तिला म्हणाले, मी त्याला अग्नी दिला.